धुलाईघरात ऐकलेला सिनेमा

माझ्या मावशीला घाबरता येत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. कौतुकानंच म्हणायचे. आई सांगायची की दोघी बहिणी लहान असताना एकदा छतावरची पाल मावशीच्या मनगटावर पडली. आई पळत सुटली ती थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. मावशीनं मात्र पाल दोन बोटांनी उचलली आणि घसरलेली तसबीर नीट लावावी तशी परत भिंतीवर लावून दिली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती पाल मला ओळखीची वाटते.

मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. सत्ताविसाव्या वर्षी लागली आणि मी सांगतेय त्या वर्षी तिला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. धुलाईघर तळघरात होतं. वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांची गाठोडी एका पत्र्याच्या घसरगुंडीतून खाली यायची, धप्प करून. ती उघडायची, कपडे वेगळे करायचे, कुठला कपडा कुठल्या यंत्रात जाणार ते ठरवायचं, हे मावशीचं काम. त्यातही डाग तिच्याकडे. रक्ताचे, औषधांचे, शाईचे, कशाचेही. म्हणून तिथे तिला डागमावशी म्हणायचे. तिला ते नाव आवडायचं. "डॉक्टरीणबाईंनासुद्धा कामावरूनच नाव पडलंय ना," म्हणायची.

लहानपणी मी कधीकधी शाळा सुटल्यावर तिच्याकडे जाऊन बसायची, तेव्हा तिनं मला डाग वाचायला शिकवलं होतं. ताजं रक्त तासाभरापुरतंच लाल असतं. मग ते कडेकडेनं वाळत आत सरकतं, विटकरी होतं, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखं दिसतं. ऑपरेशनच्या हिरव्या कापडावर ते काळंच दिसतं. नाकातून आलेलं थेंबाथेंबानं पडतं, सुईचं टिकलीएवढं असतं, बाळंतपणाचं मोठं आणि फिकट कडेचं. "आणि गरम पाणी कधीच नाही," ती सांगायची. "गरम पाण्यात टाकलंस की रक्त कापडात शिजतं. मग ते तिथलंच होतं. आधी थंड पाणी, मग मीठ, मग फेसाचं औषध, आणि मुख्य म्हणजे घाई नाही." पुढे मी शाळेत गणित शिकवायला लागले, तरी एखाद्या मुलाचा गुडघा फुटला की मला आधी त्याची पँट थंड पाण्यात टाकावीशी वाटते.

त्या धुलाईघराच्या खिडक्या छताला लागून होत्या, लांबट आणि बुटक्या. बाहेरून पाहिलं तर त्या रस्त्याच्या पातळीवर यायच्या. त्यामुळे आत बसलेल्याला जग फक्त घोट्यांपर्यंत दिसायचं. बूट, चपला, सायकलींची चाकं, कधी एखादं कुत्रं पूर्ण. खाली वाफ असायची. दिवसभर ती वाफ उजेडात हळूहळू तरंगत असायची, आणि तारांवर टांगलेल्या चादरींच्या रांगांमधून कोण कुठे चाललंय ते आधी सावलीवरून कळायचं. मला लहानपणी वाटायचं की मावशी ढगात नोकरीला आहे.

दुपारी एक वाजता यंत्रं बंद करायची. धुण्याची सगळी पिंपं एकामागून एक थांबत, चादरींना इस्त्री करणारा रोलर थांबे, आणि मग जी शांतता पसरायची तिच्यात कानांत नुसता गुंजारव राहायचा. सगळ्या जणी डबे घेऊन कोरड्या चादरींच्या ढिगाशी बसायच्या. त्यातच रोलरवर चादरी लावणारी एक बाई होती, मावशीहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिचा आवाज इतका बारीक आणि बोलणं इतकं सावकाश, की यंत्रं चालू असताना तिला तोंड असून नसल्यासारखं. तिला सगळे हळूबाई म्हणायचे. तिचं जे काही बोलणं असे ते एक ते पावणेदोनमध्ये.

या हळूबाईनं एका रविवारी आपल्या नणंदेबरोबर एक सिनेमा पाहिला. खुनांचा सिनेमा. तळ्याकाठच्या एका घरात पाच मित्रमैत्रिणी सुट्टीला जातात आणि मधमाश्या पाळणाऱ्यांचं जाळीचं टोपडं घातलेला एक माणूस कुंपण छाटायच्या मोठ्या कात्रीनं त्यांना एकेक करून मारतो. सोमवारी हळूबाईनं तो सांगायला घेतला. पावणेदोनला यंत्रं सुरू झाली तेव्हा ती पाच जणं अजून गाडीतून उतरून घराची किल्लीच शोधत होती. तो सिनेमा सांगून व्हायला नऊ दिवस लागले.

मावशी रोज संध्याकाळी घरी जाताना माझ्याकडे डोकावून जायची, आणि त्या नऊ दिवसांत आमच्याकडेही तो सिनेमा हप्त्याहप्त्यानं आला. मी तसे सिनेमे डोळ्यांवर ओढणी धरून, पण आवडीनं बघणारी. तरी मावशी सांगत होती तसलं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"ती मुलगी ओले केस विंचरत बसलेली असते," मावशी म्हणाली. "आरशासमोर नाही, खिडकीसमोर. बाहेर वेतांची दाटी. आणि तिला कात्रीचा आवाज येतो. कच, मग थांबतो. कच. तिला वाटतं, बहीण खालच्या खोलीत कापड बेततेय. ती हसते सुद्धा. म्हणते, बाही आखूड नको करू गं."

"मग?"

"मग एक वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मेली होती. पण हळूबाईनं मारणं सांगितलंच नाही. तिनं सांगितलं की मारून झाल्यावर तो माणूस तळ्याकाठी उकिडवा बसतो आणि हात धुतो. खूप वेळ धुतो. हात स्वच्छ झालेले असतात तरी धुतो. टोपडं काढत नाही, जाळीतून खाली पाण्याकडे बघत राहतो, आणि आत घरात कुणीतरी त्या मुलीला जेवायला हाक मारत असतं. पहिली हाक, दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला आवाज थोडा बदलतो.

हे सांगून झाल्यावर मावशीनं माझ्यापुढे हात धरला, बाही वर सारून. "बघ," ती म्हणाली. तिच्या दंडावरची लव उभी होती. "दुपारीसुद्धा अशीच उभी राहिली. मला आधी वाटलं, गारठा लागला. मग कळलं की मला भीती वाटतेय."

हे सांगताना ती अगदी खूश होती.

त्या खुशीमागचं कारण मला थोडं माहीत होतं. काका, म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला होता. छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचा, स्वभावानं मऊ, वीज कडाडली तर आधी मावशीचा हात शोधायचा. तो त्याच इस्पितळात गेला, तिसऱ्या मजल्यावर. मावशी रडली नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. लोक तिच्यासमोर म्हणाले, खंबीर आहे. माघारी म्हणाले, दगड आहे. तिनं दोन्ही ऐकलं होतं. आणि हळूहळू तिच्या मनानं घेतलं होतं की एवढी वर्षं दुसऱ्यांचं रक्त हाताळून आपल्यातली कुठलीतरी तार बधिर झाली आहे, बोटं सतत थंड पाण्यात राहून बधिर होतात तशी. तसं ती एकदाच बोलली होती, आणि लगेच विषय बदलला होता.

दहाव्या दिवशी ती आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "तो सिनेमा अजून चालू आहे का गं कुठे? मला बघायचाय."

"मावशी, तू तर पूर्ण ऐकलायस."

"ऐकून असं होतं, तर बघून काय होईल."

तिनं आयुष्यात असला सिनेमा पाहिला नव्हता. एकूणच चित्रपटगृहात जाऊन तिला वीस वर्षं झाली असतील. मी रविवारी दुपारची अडीचची तिकिटं काढली. ती ठेवणीतले कपडे घालून आली, हातात पाण्याची बाटली, रुमाल आणि एक लोकरी शाल. "थंडी वाजेल म्हणून?" मी विचारलं. "तोंडावर घ्यायला," ती म्हणाली. "हळूबाई म्हणाली होती की काहीतरी पांघरूण असू द्या."

चित्रपटगृह अर्धं रिकामं होतं. पुढच्या रांगांत कॉलेजातली मुलंमुली होती, पॉपकॉर्नचे डबे मांडीवर घेऊन. दिवे विझताना मावशीनं माझा हात धरला. काका गेल्यापासून तिनं कुणाचा हात असा धरलेला मी पाहिला नव्हता. अंधारात मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे अशी बघत होती जणू तिथून कुणी उतरून तिला न्यायला येणार आहे.

सुरुवातीची दहा मिनिटं तिनं हात सोडला नाही. गाडी आली. तळं आलं. ते तळं तिनं मनात पाहिलं होतं त्याहून खूप लहान होतं, आणि उन्हात निळंशार. वेत नव्हतेच. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वेत दुसऱ्या बाजूला असतील."

मग ती मुलगी आली. ओले केस होते खरे, पण ती ते यंत्रानं वाळवत होती आणि फोनवर कुणाशी तरी भांडत होती. एकदाच कच असा आवाज झाला. त्यापाठोपाठ वाद्यांचा असा दणका आला की पुढची मुलं ओरडली आणि लगेच हसली. टोपडंवाला दार फोडून आत. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं. खिडकीच्या पांढऱ्या पडद्यावर, भिंतीवर, दिव्यावर लालभडक सडा पडला.

मावशीनं माझा हात सोडला. घाबरून नव्हे. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पुढे सरकून बसली आणि निरखून बघायला लागली, तो बघण्याचा प्रकार मला चांगला माहीत होता.

"हे सरबत आहे," ती म्हणाली.

"हळू बोल."

"अगं, रंग बघ. आणि वरून खाली असं ओघळत नाही. ते धरतं कापडाला."

पुढच्या खुनानंतर दोन जण त्याच खोलीत परत आले. मध्ये सिनेमात संध्याकाळ झाली होती, पण भिंतीवरचं रक्त तसंच लाल. मावशीनं सुस्कारा टाकला. "सकाळचं आहे ते," ती पुटपुटली. "आतापर्यंत विटकरी व्हायला हवं होतं. आणि तो पडदा तरी कुणी काढून थंड पाण्यात टाकायचा." पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून बघायला लागली. मी मान खाली घातली.

पण खरी निराशा रंगाची नव्हती. ती वाट बघत होती. मी ते शेजारून बघत होते. दर खुनानंतर ती थोडी ताठ व्हायची, पडद्याकडे आशेनं बघायची, की आता तो तळ्याकाठी जाईल, हात धुवेल, आतून हाक येईल. तसं काही व्हायचं नाही. पाण्याचा आवाज एकदा आला, पण ती एक मुलगी तळ्यातून पळत होती. घरात आवाज घुमला, तो फोनच्या घंटेचा होता. मेलेल्याचं नाव पुन्हा कुणी घेत नव्हतं. जिवंत राहिलेले पुढच्या खोलीत पळत होते आणि पुढची मुलं प्रत्येक वेळी ओरडून हसत होती.

"हिची आई कुठे आहे?" मावशीनं एकदा विचारलं.

"सिनेमात नाहीय."

"पण असेल ना कुठेतरी."

शेवटचा अर्धा तास शाल तिच्या मांडीवर घडी केलेलीच राहिली. दिवे लागले तेव्हा ती उठली, आणि सवयीनं खुर्चीवरचे पॉपकॉर्नचे दाणे झटकून रुमालात गोळा केले.

समोरच्या फुटपाथवर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो. चार-पाच वाजताचं पिवळट ऊन होतं आणि चित्रपटगृहातून बाहेर आल्यावर रस्ता जसा दुसऱ्याच कुणाचा वाटतो तसा वाटत होता. मी म्हटलं, "भिकार होता गं. मी तुला चांगला दाखवीन एखादा."

ती चहाच्या पेल्यात बघत होती. "हळूबाईनं हाच पाहिला. तिला तर त्यात एवढं दिसलं." थोडं थांबून म्हणाली, "मुलं ओरडत होती, म्हणजे त्यांना काहीतरी झालं. तूसुद्धा दोनदा दचकलीस. मी बघत होते. मी एकटीच डाग मोजत बसले."

"डाग खोटेच होते."

"मीच तशी झालेय," ती म्हणाली. "दुसरं काय." आणि पेला परत करायला उठली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, एखादं यंत्र कायमचं बंद पडलंय हे वरच्या कचेरीला कळवावं इतकं सरळ ती बोलली. मला वाटतं, त्या रविवारी ती आयुष्यात सगळ्यात जास्त हिरमुसली असेल. मी तिला घरापर्यंत सोडायला गेले.

पुढचं मला तिनं सोमवारी संध्याकाळी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, बसायचंही भान न ठेवता.

त्या दुपारी एक वाजता यंत्रं थांबली. बाकीच्या दोघीतिघी कसला तरी अर्ज द्यायला वर गेल्या होत्या. मावशी आणि हळूबाई दोघीच होत्या. कोरड्या चादरींच्या घड्या राहिल्या होत्या म्हणून त्या आधी तेवढं उरकायला लागल्या. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालावी लागते. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, ताणायचं, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत मागे जायचं. त्या दोघी बारा वर्षं एकमेकींकडे अशा चालत येत होत्या.

हळूबाईनं विचारलं, "मावशी, बघितलात ना काल? कसा वाटला?"

मावशीला खोटं बोलवेना. "बाई, मला त्यात काहीच दिसलं नाही. तो हात धुताना दिसला नाही, वेत दिसले नाहीत. हाक मारणारं कुणी दिसलं नाही. मधेच माझा डोळा लागला असेल, किंवा माझ्या डोळ्यांत काही राहिलं नसेल. तुला कसं गं सगळं दिसलं?"

हळूबाई चादरीचे कोपरे धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला.

"मावशी, कुणाला सांगणार नसलात तर सांगते," ती म्हणाली. "मी बघितलाच नाही."

"म्हणजे? गेली नव्हतीस?"

"गेले होते. नणंदेनं ओढून नेलं. पण दिवे गेल्यावर मी जे डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. वरून पदर घेतला. मला नाही बघवत असलं. ती जाळी आणि कात्री तेवढी बाहेरच्या पोस्टरवर पाहिली होती, बाकी नुसतं ऐकत होते. मग आवाज आला की मनात आपोआप काहीतरी यायचं. पाण्याचा आवाज आला, मला वाटलं, तो हात धुतोय."

मावशी म्हणाली की तिला पहिल्यांदा हसूच फुटलं. असं हसू की तिला चादरींच्या ढिगावर बसावं लागलं. ढिगारा खचला. हळूबाई बिचारी घाबरली, की मावशी चिडल्या की काय. मग तीही हसायला लागली, तिच्या त्या बारीक आवाजात, नळ थोडासाच सोडावा तशी.

हसू ओसरल्यावर मावशीनं विचारलं, "पण हात धुताना तो असा बसलेला, खूप वेळ, हात स्वच्छ झाले तरी. हे कुठून आलं मनात? पाण्याच्या आवाजात तर हे नव्हतं."

वर खिडकीतून कुणाचे तरी तपकिरी बूट जाऊन परत आले.

"माझे वडील," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. आई गेली, तिला घेऊन गेले, आणि वडील परत आले ते सरळ मोरीत जाऊन बसले. हात धूत बसले. मी दारात उभी. आत्या आतून मला जेवायला हाका मारतेय. मला जावंसं वाटेना आणि त्यांना हाक मारवेना. तेच दिसलं डोळ्यांपुढे. सिनेमातलं कुठलं, मावशी. मला वाटलं, सिनेमाच तसा असेल."

मावशीनं सांगितलं की त्यानंतर ती काय बोलली ते तिनं ठरवून बोललेलं नव्हतं. तोंडातून आलं.

"यांची चादर मीच धुतली," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्याचं गाठोडं चौथ्या दिवशी उघडलं मी. कोपऱ्याला खाटेचा आकडा शिवलेला असतो, तुला माहीतच आहे. त्यावर काही नव्हतं गं. रक्त नाही, काही नाही. औषधाचा एक पिवळा ठिपका, आणि एका कडेला चुरगळलेलं. तिथे मी कोपर टेकून बसायचे. मला कळेना, ह्यात धुवायचं काय. एवढी वर्षं मी लोकांचं सगळं काढलं, आणि माझ्या माणसाचं काढायला काही नव्हतंच. मी ती दोनदा धुतली. मग कोरड्यांत टाकली. दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेवर गेली असेल."

हे तिनं आम्हाला सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. आईला नाही, मला नाही.

हळूबाई मावशीच्या शेजारी येऊन बसली, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन अंगठ्यानं चोळत राहिली. वाफ खाली बसत चालली होती. तारांवरच्या चादरी हलत नव्हत्या. मावशी म्हणाली, "मला आधी दंडावर काटा आला. आणि मग मी रडले. चांगली दहा-बारा मिनिटं. नाक वाहीपर्यंत. चादर खराब होईल म्हणून रुमाल शोधत होते, तर हळूबाई म्हणाली, राहू द्या मावशी, आपणच धुणार आहोत."

माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हे सांगताना तिचे डोळे परत भरले होते, आणि ती मधूनमधून हसतही होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली आणि म्हणाली, "म्हणजे बिघडलेलं काही नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तो सिनेमाच भिकार."

"तेच तर मी म्हणत होते."

मावशीची नोकरी त्यानंतर पाच महिन्यांनी संपली. शेवटच्या महिन्यात तिनं एक हट्ट धरला की हळूबाईला घेऊन आपण आणखी एक भीतीचा सिनेमा बघायचा. मी म्हटलं, कशाला. ती म्हणाली, "मला तिला दिसतो तो सिनेमा बघायचाय." तिकिटं मीच काढली, पुन्हा रविवारची, पुन्हा अडीचची. या वेळी एका ओसाड वसतिगृहाची गोष्ट होती. मी एका टोकाला, मावशी मध्ये, पलीकडे हळूबाई. दिवे जाताच हळूबाईनं डोळे मिटले आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली. ती शाल मावशीनंच आणली होती.

पडद्यावर जिन्यात पावलं वाजायला लागली. मावशी शालीजवळ वाकली. "आता काय होतंय?"

शालीतून बारीक आवाज आला. "जिन्यावर कुणीतरी चढतंय. त्याच्या हातात दूध आहे. सांडू नये म्हणून सावकाश चढतोय."

पडद्यावर एक माणूस कुऱ्हाड घेऊन धावत होता.

"दूध कुणासाठी?" मावशीनं विचारलं.

"वर एक मुलगी आजारी आहे. पण ती खोली आता रिकामी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."

माझ्या मानेवर काटा आला. मागच्या रांगेतून कुणीतरी शुक शुक केलं. मावशीनं मागे वळून अगदी आदरानं मान हलवली आणि पुन्हा शालीजवळ वाकली. तिसऱ्यांदा शुक शुक झालं तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "अहो ताई, सिनेमा बघायला आलात की गप्पा मारायला?"

"बघतोच आहोत," मावशी म्हणाली.

मध्यंतराला आम्ही उठलो. मला वाटलं, चहा प्यायला. पण बाहेर आल्यावर दोघींपैकी कुणीच टपरीकडे वळलं नाही. रस्ता उन्हात रिकामा होता, दुकानांच्या पायऱ्यांवर मांजरं झोपली होती. त्या दोघी फुटपाथवरून चालायला लागल्या, हळूबाई शाल खांद्यावर टाकून, मावशी तिच्या बाजूला मान तिरकी करून, कारण गाडी गेली की शब्द बुडायचे. मी दोन पावलं मागून चालत होते. हळूबाईच्या वसतिगृहातला माणूस जिन्याच्या वळणावर येऊन थांबला होता. पेल्यातल्या दुधावर साय धरत होती.

"मग?" मावशी म्हणाली.

"मग तो दारावर टकटक करतो," हळूबाई म्हणाली, "आणि थांबतो. त्याला घाई नाही."

आम्ही चौक ओलांडला, पुढचाही ओलांडला. सिनेमा कधी संपला असेल कोण जाणे. आम्ही नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो, आणि तिथे कठड्याला टेकून उरलेलं ऐकलं.